कुठून निघाला, ते सांगा

जुलैमधल्या एका मंगळवारी, मोहन्याच्या आमच्या शाळेत, चौथीतल्या एका मुलीने माझ्यासमोर अख्खा परिच्छेद न अडखळता वाचला आणि मी तिच्या नावापुढे ‘फक्त अक्षरे ओळखते’ या चौकटीत खूण केली. नजरचुकीने नव्हे, जाणूनबुजून. हे आधीच सांगून टाकतो. कारण मला ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्याच्या मते कुठल्याही गोष्टीची पहिली नोंद खरी असेल तरच पुढच्या नोंदींना काही अर्थ असतो.

तो माणूस म्हणजे भोईर सर. आमच्या शिक्षण संस्थेचे मूल्यमापन समन्वयक. ठाण्यापासून मोहन्यापर्यंत संस्थेच्या अकरा शाळा आहेत आणि वर्षातून तीनदा या अकरा शाळांत एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच चाचणी होते. जुलैत पायाभूत, दिवाळीआधी मध्य आणि एप्रिलमध्ये अंतिम. जुलैत मूल कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोचलं, यातल्या अंतराला सर ‘वाढ’ म्हणतात. गेली वीस वर्षं हा माणूस फक्त वाढ मोजतो आहे. ‘गुण’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला, तर ते खिडकीबाहेर बघू लागतात.

एकच चाचणी म्हणजे सरांच्या लेखी सगळंच एक. प्रत्येक चाचणीआधी ते शिक्षकांची तालीम घेत. मुलांना द्यायची सूचना एकाच वाक्याची होती, ‘मुलांनो, मी सांगेपर्यंत पान उलटू नका.’ ते वाक्य आम्ही सगळे उभे राहून एकामागून एक म्हणायचो. एका तालमीत ठाण्याच्या मुख्याध्यापिका प्रधान बाई गोड आवाजात म्हणाल्या, “मुलांनो, मी सांगेपर्यंत पान उलटू नका, बरं का!”

सरांनी हात वर केला. “‘बरं का’ कुठून आलं?”

“अहो भोईर सर, लहान मुलं आहेत. प्रेमाने सांगितलं.”

“मग मोहन्याच्या पोरांनी काय पाप केलं? ठाण्याला ‘बरं का’ मिळणार आणि मोहन्याला कोरडं वाक्य. उद्या दोघांची तुलना मी कशी करू? ‘बरं का’ द्यायचं तर अकरा शाळांना द्या, नाहीतर कोणालाच नको.”

यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ‘बरं का’ कोणालाच मिळालं नाही. पुढच्या परिपत्रकात ओळ आली: ‘सूचनेत प्रेम, दटावणी किंवा इतर कोणतीही भर घालू नये.’

तोंडी वाचनाच्या चाचणीचा नियम त्याहून कडक. एकेक मूल समोर बसवायचं, त्याच्यापुढे कार्ड ठेवायचं आणि गप्प राहायचं. मूल अडलं तर पूर्ण एक मिनिट थांबायचं. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. “शिक्षकाचे ओठ म्हणजे फुटलेला पेपर,” असं सर म्हणत. एका बाईंचे ओठ आवरत नव्हते, तर त्यांना चाचणीपुरती तोंडात लवंग धरायला सांगितली होती.

पंख्यांचा किस्सा तर आमच्याकडे दंतकथा होऊन बसला आहे. एका जुलैत ऐन चाचणीत मानपाड्याच्या शाळेतली वीज गेली. सरांनी लगेच बाकीच्या दहा शाळांना फोन लावले. “पंखे बंद करा. मानपाड्याची पोरं घामाने निथळतायत, तुमच्या पोरांना वारा कशाला?” प्रधान बाईंनी ठाम नकार दिला. सरांनी वाद घातला नाही. त्या वर्षीच्या तक्त्यात ठाण्याच्या शाळेपुढे शेरा आहे: ‘पंखा चालू.’ तो आजही आहे. (हे लिहिण्याआधी मी सरांची परवानगी घेतली आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचायला दिलं. स्वतःबद्दलच्या कशालाच त्यांनी हात लावला नाही. फक्त समासात लिहिलं: ‘फोन दहा शाळांना. पंखे बंद नऊ शाळांत. तसे स्पष्ट लिहावे.’)

शेऱ्याच्या रकान्याचे तीन भाग होते. हवामान, आवाज आणि वास. वास हा भाग मानपाड्याच्या शाळेसाठी घातलेला, कारण वारा कंपन्यांकडून आला की वर्गात डोळे चुरचुरतात. मानपाड्याचे शिक्षक तिथे वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत, ‘नेहमीचा.’

सर स्वतः मानपाड्याजवळच्याच एका गावातले आगरी. कार्यालयात पुस्तकातल्यासारखं बोलतात, पण राग आला किंवा फार आनंद झाला की गावची बोली बाहेर येते. ठेंगणे, सावळे, पांढऱ्या शर्टाच्या आत गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेली एक चावी. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची. ती चावी आंघोळीलाही उतरत नाही असं आमचे शिपाई जाधवकाका सांगत. त्यांना हे कसं ठाऊक, ते कोणी विचारलं नाही.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी काहीही सांगायला गेलं की ते हाताचा पंजा पुढे करून थांबवत आणि म्हणत, “पोचला कुठे ते नको. निघाला कुठून, ते सांगा.”

संस्थेच्या एका सभासदांच्या मुलाला दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले. ते पेढ्यांचा मोठा खोका घेऊन कार्यालयात आले. सरांनी विचारलं, “निघाला कुठून?”

“म्हणजे?”

“नववीत किती होते?”

“नव्वद.”

“म्हणजे दोन पावलं चालला. बरं. बसा, पाणी घ्या.”

त्याच आठवड्यात जाधवकाकांचा मुलगा एकेचाळीस टक्क्यांनी पास झाला. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले आणि तीन मजले फिरून वाटले. “बारा टक्क्यांवरून निघालेला हा! बारावरून!” असं प्रत्येकाला सांगत होते. जाधवकाका मागून चालत होते आणि बारा हा आकडा जरा हळू बोला म्हणून खुणावत होते.

मुलं त्यांना नावाने आठवत नसत, नोंदणी क्रमांकाने आठवत. बाजारात एखाद्या मुलीला थांबवून म्हणत, “तू मानपाडा-पाच-नऊ ना? भागाकार जमायला लागला का?” तिची आई घाबरून मुलीला मागे ओढी. आणि मुलगी म्हणे, “हो सर, जमतो.”

आम्ही त्यांच्यावर हसायचो. मीही हसायचो. आणि तरी सांगतो, चाचणीच्या सकाळी ठीक अकरा वाजता मोहन्यात पान उलटलं जायचं, तेव्हा त्याच क्षणी ठाण्यातही उलटलं जातंय, याचा मला अभिमान वाटायचा. आमच्या पोरांचे आईबाप कुठे नाक्यावर, कुठे परक्या घरी कामाला. त्या एका तासापुरती ती ठाण्याच्या पोरांच्या बरोबरीने बसलेली असायची. एकही ‘बरं का’ कमी नाही की जास्त नाही.

आता माझ्याबद्दल.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या जुलैच्या आदल्या वर्षी वाढीच्या तक्त्यात माझा वर्ग सगळ्यांत खाली आला. कारण साधं होतं. माझी बरीचशी मुलं जुलैतच चांगलं वाचत होती, त्यामुळे एप्रिलपर्यंत वर चढायला जागाच फार नव्हती. भोईर सरांना ते कळत होतं. त्यांनी शेऱ्यात लिहिलंही होतं, ‘आरंभच चांगला.’ पण वार्षिक सभेत यादी वरून खाली वाचतात, शेरा कोणी वाचत नाही. माझं नाव शेवटी आलं. चहाच्या वेळी प्रधान बाई म्हणाल्या, “सावंत सर, तुमची पोरं काय मुळं धरून बसली आहेत का?” सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही.

पुढच्या जुलैत मी हिशेब केला. शिखर उंच करता येत नसेल, तर पायथा खाली खोदायचा. मूल एखाद्या जोडाक्षरावर अडखळलं की मी त्याला एक पायरी खाली लिहीत गेलो. परिच्छेद वाचणारं मूल वाक्यावर, वाक्य वाचणारं शब्दावर. आणि मग समोर आली सानिका, नोंदणी क्रमांक मोहने-चार-सतरा. शांत मुलगी. तिने परिच्छेद वाचला आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसली. ती अडखळलीच नव्हती. तिला मी थेट सगळ्यांत खालच्या पायरीवर लिहिलं. तिलाच का? तिची आई तीन घरची कामं करायची, वडील गावी. विचारायला शाळेत कोणी येणार नव्हतं. हे कारण मी त्या वेळी मनातल्या मनातही शब्दांत मांडलं नव्हतं. पण हात बरोबर तिच्याच नावावर थांबला.

खालच्या पायरीवरच्या मुलांसाठी रोज शेवटचा तास ‘पाया वर्ग’ असायचा. तो तास बाकीच्या मुलांचा गोष्टींच्या पुस्तकांचा. म्हणजे वर्षभर बाकीची मुलं पुस्तकं उघडून बसत आणि वाचता येणारी सानिका पलीकडच्या खोलीत ‘क कमळाचा’चं कार्ड हातात घेऊन बसे. मला वाढ हळूहळू दाखवायची होती, म्हणून मध्य चाचणीत मी तिला शब्दांपर्यंतच आणलं. एप्रिलमध्ये परिच्छेद. अक्षरावरून परिच्छेद! अकरा शाळांत एवढी वाढ कोणाचीच नव्हती.

भोईर सरांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. ते मोहन्याला धावत आले. “काय रं सावंत मास्तर! काय केलंस काय तू त्या सतरा नंबरला? मी वीस वर्सांत असं बगितलं नाय!” मला मिठीच मारली. गळ्यातली चावी माझ्या छातीत रुतली.

मग त्यांनी तेच विचारलं, ज्याची मला भीती होती. “पद्धत काय वापरलीस? लिहून दे. अकरा शाळांना देऊ.”

पद्धत नव्हतीच. मी तिथल्या तिथे रचली. अक्षर म्हणताना एक टाळी, जोडाक्षराला दोन टाळ्या, असं काहीतरी. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं, वर शीर्षक दिलं ‘मोहने पद्धत’ आणि मला प्रात्यक्षिकाला शाळोशाळी पाठवलं. प्रधान बाईंच्या शाळेत चाळीस शिक्षक ‘विद्यार्थी’ या शब्दावर टाळ्या वाजवत होते आणि मी फळ्यासमोर उभा राहून कोणाची टाळी चुकली ते सांगत होतो. कल्याणच्या एका शिक्षकाने तर कळवलं, की या पद्धतीने त्याच्या वर्गात फरक पडला. पडला असेलही. मुलांना टाळ्या वाजवायला आवडतात.

मे महिन्यात सर पुन्हा मोहन्याला आले. सतरा नंबरला भेटायचंय म्हणाले. सुट्टी होती, ती शाळेत नव्हती. मग वेळ घालवायला म्हणून त्यांनी शाळेच्या नोंदवह्या चाळायला घेतल्या. त्यांना नोंदवह्यांचं व्यसनच. माहिती संगणकावर जाते, पण मूळ नोंद कागदावरच हवी, हा त्यांचा आग्रह. संगणकात खाडाखोड दिसत नाही म्हणत. त्यांच्या हाताला लागली पुस्तकांची वही. पुस्तक वाचून परत देताना मुलं तिच्यात दोन ओळी लिहितात. पानं उलटता उलटता सर थांबले. मी त्यांच्या मागे उभा होतो, त्यामुळे मलाही दिसलं. आदल्या वर्षीचा मार्च, इयत्ता तिसरी, सानिकाचं अक्षर: ‘या गोष्टीत म्हातारी कोल्ह्याला फसवते. मला म्हातारी खूप आवडली, कारण ती घाबरत नाही.’

मार्चमध्ये हे लिहिणारी मुलगी जुलैत फक्त अक्षरं ओळखत होती, असा माझा तक्ता होता.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. वही मिटली. माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलं, “सतरा नंबर निघाली कुठून, मास्तर?”

“अक्षरावरून, सर,” मी म्हणालो.

ते थांबले. बराच वेळ थांबले. मी खिडकीतून मैदानाकडे बघत राहिलो. मग त्यांनी पेलाभर पाणी मागितलं, प्यायले आणि निघून गेले.

जूनच्या वार्षिक सभेत मोहन्याचं नाव यादीत पहिलं येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. संस्थेचे अध्यक्ष ढाल घेऊन बसले होते. भोईर सर उभे राहिले आणि म्हणाले, “मोहन्याच्या चौथीची वाढ या वर्षी धरता येणार नाही. पायाभूत चाचणी घेण्यात त्रुटी राहिली. शिक्षकांना चाचणी शिकवण्याचं काम माझं. त्रुटी माझी.”

सभागृहात कुजबूज सुरू झाली. प्रधान बाई हसून म्हणाल्या, “भोईर सर, आमचं ‘बरं का’ चाललं नाही आणि तुमची अख्खी चाचणी चुकली?” कोणीतरी मागून म्हणालं, “पंखे बंद होते का?” हशा झाला. अध्यक्षांनी तिथेच ठरवून टाकलं, की यापुढे भोईर सरांच्या प्रत्येक तक्त्यावर दोन जणांची समिती सही करेल. वीस वर्षांत ज्यांच्या कामावर कोणी साधी टिंबाएवढी शंका काढली नव्हती, ते मान खाली घालून समितीच्या दोन सदस्यांची नावं स्वतःच्या हाताने लिहून घेत होते.

मी तिसऱ्या रांगेत होतो. उभं राहायला एक क्षण पुरला असता. मी माझ्या पेनाचं टोपण लावत आणि काढत बसलो.

त्यानंतर वर्षभर सर मला तसेच भेटत. ‘काय मास्तर’ म्हणत. एक शब्द काढला नाही. तो वर्षभराचा सुखरूपपणा मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेला. एवढंच लक्षात आलं, की दिवाळीनंतर ते साडेचारला बरोबर निघायला लागले. पूर्वी सात वाजले तरी उठत नसत. कार्यालयात कोणीतरी म्हणालं, अपमान लागला असेल. मीही तेच समजलो आणि माझ्या पापात अजून एकाची भर पडली.

पुढच्या जुलैच्या पायाभूत चाचणीआधी सर पहिल्यांदाच दोन दिवस रजेवर गेले. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांच्या यादीवर त्यांची सही हवी होती. सरांचं घर डोंबिवलीजवळ आणि मी डोंबिवलीतच राहतो, म्हणून यादी माझ्याकडे दिली. तारीख एक, सकाळी दहाचा सुमार. मानपाड्यापलीकडचं त्यांचं गाव आता चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलंय. मधे बैठी घरं. सरांनीच दार उघडलं. गडबडीत होते.

“आलास? बरं झालं. बस त्या कोपऱ्यात. निरीक्षक हवाच होता. बोलायचं नाय.”

आत खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, चेहरा एका बाजूला किंचित ओढलेला. त्यांना ऑक्टोबरमध्ये झटका आला होता. आम्हा कोणाला माहीत नव्हतं. साडेचार म्हणजे दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंची जायची वेळ होती.

भिंतीवर तक्ता होता. तोच, आमचाच, त्याच रकान्यांचा. वर लिहिलेलं: ‘बोलणे. चित्रकार्डे व स्वतःहून.’ महिन्याची एक तारीख, शब्दसंख्या, वाढ, शेरा. शेऱ्यात: ‘आवाज – शेजारी टॉवरचे काम. वास – नेहमीचा.’ पायाभूत, नोव्हेंबर: ४. त्याखाली ते चार शब्द: पाणी, नको, आई, अहो.

मी ‘अहो’कडे बघतोय हे सरांनी पाहिलं. “तो मोजायचा की नाय, तीन दिवस विचार केला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “त्याचं चित्र निघत नाय. पण बोलली ना ती. मग धरला.” मग म्हणाले, “पुण्याची पोरगी फोनवर सांगते, बाबा, दोनचार वाढवून लिहा, आईला बरं वाटेल. म्हटलं, आईला बरं वाटायला मी आहे की. तक्ता वेगळ्या कामाला आहे.”

मग ते वहिनींच्या समोर स्टुलावर बसले. कार्डं काढली. “आता मी चित्र दाखवीन. नाव सांगायचं,” हे वाक्य त्यांनी तालमीत म्हणायचे त्याच चालीत म्हटलं. प्रेमाचा एक शब्दही जास्त नाही. वहिनींच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती, तिच्यावर हसू आलं. वीस वर्षांचा नियम त्यांनाही पाठ असणार.

कप. “कप.” मासा. “मासा.” छत्रीला वेळ लागला, पण आली. मग एक कार्ड आलं, किल्लीचं. वहिनींनी कार्डाकडे बघितलं आणि मग त्यांची नजर हळूहळू सरांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे गेली. चावी शर्टाच्या बाहेर लोंबत होती. सरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी पटकन चावी शर्टाच्या आत टाकली आणि वरचं बटण लावलं. मदत मिळू नये म्हणून! बायकोलाही नाही.

मग ते थांबले. ओठ घट्ट मिटलेले. बाहेर टॉवरवर काहीतरी ठोकत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्ध्याच्या पुढे गेला, तरी ते थांबलेच. इतकं पूर्ण, इतकं न हलता थांबलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

“चा,” वहिनी म्हणाल्या. मग श्वास घेतला. “चावी. तु... तुमची.”

सरांनी मान हलवली नाही. वहीत एक खूण केली, थोडा विचार केला आणि दुसरी केली. उठले, आत गेले. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू राहिला. वहिनी माझ्याकडे बघून डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवत होत्या, काही बोलू नका म्हणून.

सर तीन कप चहा घेऊन बाहेर आले. डोळे लाल होते. तक्त्यावर आकडा लिहिला: २३.

मी यादी पुढे केली नाही. म्हणालो, “सर, सतरा नंबर परिच्छेदावरून निघाली होती. मी अक्षरं लिहिली. मुद्दाम.”

सर कपातल्या चहाकडे बघत राहिले. “ठाऊक आहे. वही बगितली तेव्हाच कळलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? सभेत स्वतःवर का घेतलंत?”

“नियम काय आहे, मास्तर? समोरचा अडला तर थांबायचं. सुचवायचं नाय.” त्यांनी एक घोट घेतला. “एका मिनिटाऐवजी वरीस लागलं तुला. पण आलं ना स्वतःहून. मग धरतो.”

मी हात जोडले. म्हणालो, “सर, माझ्यामुळे तुमचं...”

त्यांचा पंजा पुढे आला, नेहमीसारखा. “माझी माफी कशाला मागतोस? ती पायाभूत काय माझी होती? जिची होती, तिच्याकडे जा.”

त्याच दिवशी मी अध्यक्षांना पत्र लिहून सगळं कळवलं. ‘मोहने पद्धती’चंही. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. समिती रद्द झाली. प्रधान बाई स्वतः सरांच्या खोलीत जाऊन आल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. पण त्या जुलैच्या चाचणीत ठाण्याच्या शाळेचे पंखे बाई स्वतःहून बंद ठेवून बसल्या, कारण मानपाड्याची वीज पुन्हा गेली होती. भोईर सरांच्या हाताखाली मी काम करतो, हे मी आता ओळख करून देताना आधी सांगतो.

सानिका आता सहावीत. मी तिला मधल्या सुट्टीत गाठलं. व्हरांड्यात पायरीवर बसून डबा खात होती, मांडीवर पुस्तक उलटं टाकलेलं. मला बघून उठायला लागली. मी बस म्हटलं आणि मीही एक पायरी खाली बसलो.

“सानिका, चौथीतली जुलैची वाचनाची चाचणी आठवते तुला?”

“हो, सर. तेव्हा मला वाचता यायचं नाही ना.” ती हसली. “मला वाटलेलं की येतं. पण नव्हतं येत. मग तुम्ही शिकवलंत.”

मी त्या वाक्यासमोर थांबलो. मला सुचवायला कोणी नव्हतं, ते बरंच होतं.

“नाही गं,” मी म्हणालो. “तुला येत होतं. त्या दिवशी तू पूर्ण परिच्छेद वाचलास, एकदाही अडखळली नाहीस. मी कागदावर खोटं लिहिलं. मग वर्षभर तुला पुस्तकांच्या तासाला बसू दिलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर.”